नसेच्या वाटेने पसरणारा कॅन्सर: दुखणे कसे ओळखावे, कसे सांगावे आणि त्याने उपचार कुठे बदलतात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तोंडाच्या कॅन्सरची मुख्य कारणे घरोघरी माहीत आहेत: तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री, सुपारी. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. गालातली किंवा जिभेवरची जखम डोळ्यांना दिसते, म्हणून उशिरा का होईना माणूस डॉक्टरकडे जातो. पण हनुवटीला आलेली बधिरता, कानात उठणारी चमक, ओठाला येणाऱ्या मुंग्या यांकडे कोणी कॅन्सरचे लक्षण म्हणून बघत नाही. मग दाढ काढली जाते, कानात थेंब घातले जातात, शेक घेतला जातो आणि महिने निघून जातात. दुखणे दाढेचे किंवा कानाचे नसतेच. कॅन्सर नसेत शिरलेला असतो आणि त्या नसेचे टोक जिथे असते तिथे कळ जाणवते.

या लेखात नस म्हणजे चेतातंतू, रक्तवाहिनी नव्हे. भर तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या कॅन्सरवर आहे, कारण आपल्याकडे हाच प्रश्न सर्वांत जास्त भेटतो. औषधांचे डोस दिले आहेत ते डॉक्टरांशी नेमके बोलता यावे म्हणून. स्वतःच्या मनाने सुरू करण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी नाहीत.

नसेच्या आत काय घडते

विहिरीतल्या मोटारीची केबल कापून पाहिली तर आत बारीक तारा, तारांच्या प्रत्येक जुडग्यावर आवरण आणि सगळ्यांवर मिळून एक जाड कवच दिसते. नसेची रचनाही अशीच तीन आवरणांची असते. कॅन्सरच्या पेशी या आवरणांच्या मधल्या जागेत शिरतात आणि नसेच्या लांबीने पुढे सरकतात. त्यासाठी त्यांना रक्तवाहिनी लागत नाही आणि लसिकाग्रंथीही (मानेत गाठी म्हणून हाताला लागतात त्या) लागत नाहीत. म्हणून मानेत एकही गाठ नसताना कॅन्सर नसेतून कवटीच्या तळापर्यंत पोहोचलेला असू शकतो.

हा प्रवास केवळ मोकळी वाट मिळाली म्हणून होत नाही. नस आणि तिला सांभाळणाऱ्या पेशी वाढीला मदत करणारी प्रथिने सोडतात. कॅन्सरच्या काही पेशींवर ती प्रथिने पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यामुळे त्या नसेकडे ओढल्या जातात. उलट कॅन्सरच्या पेशींनी सोडलेल्या द्रव्यांमुळे नसेला नवे फाटे फुटतात आणि तिची संवेदना वाढते. याच कारणाने गाठ लहान असतानाही दुखणे प्रचंड असू शकते.

दुखण्यामागे एकाच वेळी दोन-तीन गोष्टी चालू असतात. जबड्याच्या हाडातून जाणारी नस अरुंद बोगद्यात असते, ती सुजली की दाबली जाते. कॅन्सरची द्रव्ये वेदनेचे तंतू इतके हळवे करतात की घास चावणे किंवा दाढीचा हात फिरणे एवढ्यानेही कळ उठते. इजा झालेले तंतू आपोआप खोटे संदेश पाठवू लागतात आणि विजेचा झटका बसल्यासारखी चमक येते, रुग्ण ज्याला करंट म्हणतो तो हाच. तंतू मेले की तेवढा भाग बधिर होतो. एकाच जागी बधिरता आणि आग दोन्ही असणे रुग्णाला विचित्र वाटते. आपले कोणी खरे मानणार नाही म्हणून तो बोलत नाही. हे दोन्ही एकत्र असणे हीच नसेच्या दुखण्याची खरी खूण आहे.

इथे दोन पातळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: काढलेल्या तुकड्यात लहान नसांभोवती किंवा नसांत कॅन्सरच्या पेशी सापडतात. रिपोर्टमध्ये याला पेरिन्यूरल इन्व्हेजन किंवा पीएनआय म्हणतात. दुसऱ्या पातळीत कॅन्सर मोठ्या, नाव असलेल्या नसेतून लांबवर सरकलेला असतो आणि एमआरआयमध्ये दिसतो. त्याला पेरिन्यूरल स्प्रेड म्हणतात. पहिल्या पातळीवर बहुतेकदा काहीच लक्षण नसते. दुसऱ्या पातळीवर लक्षणे असतात, पण सगळ्यांना नसतात. त्यामुळे दुखत नाही म्हणजे नस सुटली, असा अर्थ काढू नये. उघड्या जखमेमुळे, जंतुसंसर्गाने किंवा हाड धरल्यानेही दुखते, म्हणून दुखतेय म्हणजे नस गेलीच असेही नाही.

तोंडाखेरीज लाळग्रंथीचा ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नसेची वाट धरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. चेहऱ्याच्या त्वचेचे काही कॅन्सर, स्वादुपिंड आणि पित्तनलिकेचे कॅन्सर, प्रोस्टेट यांतही हे दिसते. स्वादुपिंडात तर हे फारच सर्रास असते. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारी, ओणवे बसल्यावर थोडी कमी होणारी कळ हे त्याचे नेहमीचे रूप. प्रोस्टेटमध्ये पीएनआय वारंवार सापडते, पण केवळ त्यावरून उपचार सहसा ठरत नाहीत. त्यामुळे एका अवयवाच्या कॅन्सरबद्दल ऐकलेले दुसऱ्याला लावू नये.

दुखण्याची वाट नोंदवा

डॉक्टरांसमोर दहा मिनिटे मिळतात. घरातले वडीलधारे नुसते 'दुखस' एवढे म्हणून गप्प होतात, वेदनेची गोळी लिहिली जाते आणि विषय संपतो. कोणती नस धरली आहे याचा सर्वांत स्वस्त पुरावा रुग्णाच्या वर्णनात असतो. तो घरीच वहीत उतरवून न्यावा.

आधी जागा ठरवा. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. कापसाचा बारीक पेळू चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी हलकेच फिरवा: कपाळ, गाल, वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी. दोन्हीकडे सारखे लागते का, एवढेच विचारायचे. जिथे कमी किंवा वेगळे लागते त्या भागाची कड बॉलपेनने काढा, तारखेसह फोटो घ्या आणि दर आठवड्याला हेच पुन्हा करा. सुई किंवा गरम चमचा वापरू नका. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही आणि ती जखम लवकर भरत नाही.

जागेवरून नस कळते. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असेल तर खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस संशयित. मार लागलेला नाही, दाढ काढलेली नाही, तरी हनुवटी अचानक बधिर झाली तर ते कॅन्सरचे लक्षण असू शकते आणि तपासल्याशिवाय सोडायचे नसते. डोळ्याखालचा गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ यांची नस वेगळी, ती वरच्या जबड्यातून डोळ्याच्या खोबणीखालून येते. जिभेची एक बाजू बधिर असेल किंवा जिभेच्या जखमेबरोबर त्याच बाजूचा कान दुखत असेल, तर जिभेच्या नसेकडे बघावे लागते. जिभेची आणि कानापुढची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फाट्यांतून जाते, म्हणून कान निरोगी असूनही दुखतो. घशाच्या कॅन्सरमध्येही कान दुखतो, फक्त नसा दुसऱ्या असतात. मोठ्या माणसाचा एकच कान आठवड्यामागून आठवडे दुखतोय आणि कानात काही सापडत नाही, तेव्हा तोंड आणि घसा नीट पाहिलाच पाहिजे.

चेहरा वाकडा होणे हा गोंधळाचा भाग आहे. साध्या लकव्यात चेहरा एक-दोन दिवसांतच पूर्ण वाकडा होतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत सुधारू लागतो. आठवड्यामागून आठवडे हळूहळू वाढत जाणारा, आधी ओठाचा कोपरा, मग डोळा असा पसरणारा, किंवा तीन महिन्यांतही न हललेला लकवा वेगळा समजावा. कानाखालच्या लाळग्रंथीत गाठ असेल तर वाट बघण्यात अर्थच नाही. एका बाजूची कानशील खोल गेलेली दिसणे, तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकणे, वस्तू दोन दिसणे ही कॅन्सर कवटीच्या तळाजवळ पोहोचल्याची लक्षणे असू शकतात.

जागेनंतर प्रकार. नुसते 'कसे दुखते' असे विचारले तर उत्तर मिळत नाही, म्हणून एकेक विचारा: आग होते? करंट बसतो? मुंग्या येतात? ठणकते? वारा लागला किंवा गमछा घासला तरी कळ येते? शून्य ते दहा या मापात सकाळी, जेवताना आणि रात्री किती, तेही लिहा. ठणका हा जखमेचा किंवा हाडाचा असू शकतो. आग, करंट आणि हलक्या स्पर्शाने उठणारी कळ नसेची असते, आणि तिची औषधे वेगळी आहेत. शेवटी तोंड किती उघडते ते रुग्णाच्या स्वतःच्या बोटांनी मोजा. तीन बोटे उभी मावली तर ठीक. गुटखा खाणाऱ्यांत तोंड आखडण्याचा आजार आधीपासून असतोच, म्हणून तोंड पूर्वी किती उघडत होते तेही नोंदवा.

तपासणीत कुठे चुकते

बायोप्सी जखमेच्या कडेच्या छोट्या तुकड्याची असते. त्या तुकड्यात नस नसलीच तर पीएनआय दिसणार नाही. बायोप्सीत काही लिहिले नाही यावर निर्धास्त होऊ नये. खरे उत्तर ऑपरेशननंतरच्या पूर्ण नमुन्याच्या रिपोर्टमध्ये मिळते.

नसेची लक्षणे असतील तर कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, ज्याने आजारी भाग उजळ दिसतो) एमआरआय ही मुख्य तपासणी. नस जाड होणे, कॉन्ट्रास्टने उजळणे, नसेभोवतीची चरबी नाहीशी होणे हे त्यात दिसते. कवटीतल्या छिद्रांचे हाड रुंदावले आहे का हे सीटी स्कॅनमध्ये चांगले कळते. इथली सर्वांत मोठी चूक फॉर्मवर होते. त्यावर नुसते 'तोंडाचा कॅन्सर' लिहिलेले असेल तर रेडिओलॉजिस्ट गाठ आणि मान बघतो. 'डावी हनुवटी तीन आठवड्यांपासून बधिर' असे लिहिलेले असेल तर तो हनुवटीपासून कवटीच्या तळापर्यंत त्या नसेचा माग काढतो. फॉर्म भरताना तुमच्या वहीतले वाक्य त्यावर घालायला सांगा.

कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून रक्तातले क्रिएटिनिन तपासतात. पेसमेकर, स्टेंट किंवा शरीरातला कोणताही धातू आधीच सांगावा. अर्धा-पाऊण तास न हलता झोपावे लागते, आणि दुखणारा माणूस गिळताना हलतो, मग चित्र फाटते. म्हणून वेदनेची गोळी तपासणीच्या तासभर आधी मिळेल अशी वेळ जुळवा. दाढ काढायची असेल आणि घाई नसेल तर आधी एमआरआय, मग दाढ. ताज्या खड्ड्याची सूज वाचन कठीण करते. एमआरआय साफ आला तरी सूक्ष्म पातळीचे पीएनआय असू शकते.

मुंबईला किंवा नाशिकला दुसरे मत घ्यायला जाताना फक्त छापील रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनची सीडी, बायोप्सीच्या काचा आणि काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉक्स लागतात. हे मेण साधारण 56 ते 60 अंशांना वितळते. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेले ब्लॉक्स खराब होऊ शकतात. पिशवी जवळ, सावलीत ठेवा.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमधली ओळ

रिपोर्ट हातात आला की लोक मानेतल्या किती गाठींत कॅन्सर आला ते बघतात. त्याच पानावर आणखी चार गोष्टी शोधा: कॅन्सरची खोली मिलिमीटरमध्ये, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, मानेतल्या गाठीच्या आवरणाबाहेर कॅन्सर आला आहे का, आणि पेरिन्यूरल इन्व्हेजन. समोर 'प्रेझेंट' असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. एकाच जागी की अनेक जागी? कॅन्सरच्या मूळ गाठीच्या आत की तिच्या कडेबाहेर? नस बारीक आहे की मोठी, नाव असलेली? अनेक जागी, गाठीबाहेर आणि मोठ्या नसेत सापडणे जास्त काळजीचे. 'नॉट आयडेंटिफाइड' म्हणजे पाहिलेल्या कापांत आढळले नाही.

या ओळीने पुढचे काय बदलते? तोंडाच्या कॅन्सरमध्ये पीएनआय हा पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढवणारा घटक धरला जातो. खोल गेलेली किंवा मोठी गाठ, कडेची कमी जागा, मानेतल्या गाठी यांपैकी काही सोबत असेल तर ऑपरेशननंतर रेडिएशन सहसा सांगितले जाते. छोट्या गाठीत फक्त पीएनआयच असेल तर डॉक्टरांमध्ये मतभेद असू शकतात. तिथे 'माझी केस ट्यूमर बोर्डात ठेवली का' हा प्रश्न रास्त आहे. त्यात सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. किमोची जोड मुख्यतः दोन कारणांनी दिली जाते: कापलेल्या कडेवर कॅन्सर असणे किंवा मानेतल्या गाठीच्या आवरणाबाहेर तो आलेला असणे. केवळ पीएनआयसाठी किमो हा नेहमीचा मार्ग नाही.

नेहमीचा रेडिएशनचा डोस 60 ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे माप), 30 भागांत, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. धोका जास्त असेल तर 66 ग्रेपर्यंत. किमो असेल तर सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी किंवा कमी मात्रेत दर आठवड्याला. मोठी नस धरलेली असेल तर रेडिएशनचे क्षेत्र फक्त जखमेच्या जागेपुरते राहत नाही, ते नसेच्या वाटेने कवटीच्या तळाकडे वाढवले जाते. तुमच्या वहीतली बधिरतेची नोंद इथे पुन्हा कामाला येते, कारण ऑपरेशनआधी कोणता भाग बधिर होता हे नंतर कोणालाच नक्की सांगता येत नाही.

ऑपरेशन करतानाही नसेची कड तपासता येते. सर्जन कापलेल्या नसेचा तुकडा लगेच पॅथॉलॉजीत पाठवतात आणि त्यात पेशी दिसल्या तर आणखी वर कापतात. चेहरा हलवणारी नस चालू असेल आणि गाठीपासून सोडवता येत असेल तर ती वाचवतात. कॅन्सरने वेढली असेल तर काढावी लागते आणि बऱ्याचदा पायातली नस घेऊन जोड देतात. चेहरा वाकडा राहू शकतो का, पापणी मिटेल का, हे आधी विचारून घ्या. ॲडेनॉइड सिस्टिकमध्ये पेशी मधला भाग सोडून पुढे सापडू शकतात, त्यामुळे मोकळी कडही पूर्ण हमी देत नाही आणि रेडिएशन लागते. कॅन्सर नसेतून कवटीच्या आत गेला असेल तर ऑपरेशनने तो पूर्ण निघणे अवघड होते आणि भर रेडिएशनवर येतो.

आता वेळेचे गणित. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावे हे ध्येय असते. आपल्याकडे ते कसे चुकते? टाके सुकायची वाट, मग दातांच्या डॉक्टरची तारीख, मग योजनेची मंजुरी, मग राहण्याची सोय. एकामागोमाग एक करत बसले की दोन-अडीच महिने जातात. ही सगळी कामे डिस्चार्जच्या आठवड्यातच एकाच वेळी सुरू करा. रेडिएशनच्या पट्ट्यात येणारे खराब दात रेडिएशन सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्यावे लागतात. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडण्याचा धोका असतो, आणि तो आयुष्यभर राहतो. गावातल्या दवाखान्यात पुढे कधीही दात दाखवताना हे सांगायलाच हवे. रेडिएशन एकदा सुरू झाले की मधे खंड पडू देऊ नये. लग्न, पेरणी, कापूस वेचणी यांसाठी आठवडाभर थांबल्याने उपचाराचा परिणाम खरोखर घटतो. तंबाखू चालू ठेवण्यानेही तेच होते. सोडायला मदत हवी तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे.

दुखण्यावरची औषधे, पायरीने

पॅरासिटामॉल हा पाया. 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि अशक्त, कमी वजनाच्या किंवा यकृत बिघडलेल्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते मोजायचे राहते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी सूज उतरते, पण सिस्प्लॅटिन चालू असताना मूत्रपिंडाला दुहेरी मार बसतो. मेडिकलवरून स्वतःहून आणू नका.

नसेच्या आगीवर आणि करंटवर या गोळ्या एकट्या पुरत नाहीत. तिथे गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन लागते. गॅबापेंटिन सहसा रात्री 300 मिलिग्रॅमने सुरू करून काही दिवसांत दिवसातून तीनदा असे वाढवतात. प्रीगॅबॅलिन रात्री 75 ने. मूत्रपिंड कमी काम करत असेल तर दोन्हींचा डोस कमी. ॲमिट्रिप्टिलिन रात्री 10 ते 25, पण त्याने तोंड कोरडे पडते आणि रेडिएशनमध्ये ते आधीच कोरडे असते. काचबिंदू, लघवी अडकणे, हृदयाचे ठोके बिघडलेले असणे हे आधी सांगावे. यांचा परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत फरक नाही, नुसती झोप येते, म्हणून गोळी बंद करणे हे या उपचाराच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण आम्हाला दिसते. झोपेची गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. आणि बंद करायची वेळ आली तरी एकदम नाही, हळूहळू.

त्यानेही भागले नाही तर मॉर्फिन. हे नाव ऐकताच घरच्यांचा चेहरा पडतो: व्यसन लागेल, आता शेवट आला. दोन्ही चूक. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत नियमित घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे विरळ आहे, आणि मॉर्फिन घेत उपचार पूर्ण करून पुढे ते कमी करत बंद करणारे रुग्ण असतात. साधी गोळी 5 ते 10 मिलिग्रॅम दर चार तासांनी देतात, वृद्धांना 5 ने सुरुवात. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 ला झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावे लागत नाही, अशी रीत रूढ आहे. घड्याळ बघून घ्यायची, दुखण्याची वाट बघून नाही. मधेच कळ उठली तर घ्यायचा जादा डोस चिठ्ठीवर लिहून घ्या.

बद्धकोष्ठ होणारच, आणि ते इतर त्रासांसारखे ओसरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री बिसाकोडिल किंवा सेन्ना. घरात इसबगोल असतेच, पण मॉर्फिनबरोबर ते नको: भरपूर पाणी पोटात गेले नाही तर ते आतच घट्ट बसते, आणि तोंड दुखणारा माणूस पाणी कमीच पितो. मळमळ पहिले चार-पाच दिवस, त्यावर गोळी मिळते. रुग्ण हाका मारूनही नीट जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असे दिसले तर पुढचा डोस थांबवून लगेच रुग्णालय. गॅबापेंटिन आणि मॉर्फिन सोबत असतील, त्यात दारू किंवा झोपेची गोळी पडली, किंवा उलट्या-जुलाबाने लघवी कमी झाली, तर हा धोका वाढतो.

नाकातून नळी असेल तर साधी मॉर्फिनची गोळी बारीक करून देता येते. नावापुढे एसआर असलेली, बारा तासांची गोळी कधीही कुटायची नाही. बारा तासांचे औषध एकाच वेळी अंगात जाते.

फेंटानिलची पट्टी तोंड बंद झालेल्यांना सोयीची. ती दर 72 तासांनी बदलतात आणि पूर्वी मॉर्फिनसारखे औषध न घेतलेल्याला लावत नाहीत. खान्देशात याबाबत एक खास काळजी हवी. उष्णतेने पट्टीतले औषध कातडीतून जास्त वेगाने आत जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो. पट्टी असताना उन्हात बसणे, तापलेल्या पत्र्याखाली दुपार काढणे, तिथे शेक देणे, ताप तसाच अंगावर काढणे हे सगळे गुंगी वाढवणारे आहे. काढलेल्या पट्टीतही औषध उरते. चिकट बाजू आत घडी घालून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही. 2014 साली अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे आणि देणे सोपे झाले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि कॅन्सर रुग्णालयात पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणारे) किंवा पेन क्लिनिक आहे का ते विचारा. गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधी पुढची सोय करा. मॉर्फिन अचानक बंद झाले तर दुखणे दुपटीने उसळते, शिवाय घाम, जुलाब, बेचैनी येते.

नस सुजून दाबली गेली असेल तर डेक्सामेथासोन थोड्या दिवसांसाठी सकाळी जेवणानंतर देतात. साखर वाढते आणि तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. औषधांनी भागत नसेल तर नसेचा ब्लॉक, म्हणजे इंजेक्शनने नसेतून येणारी कळ अडवणे, हा पर्याय आहे. स्वादुपिंडाच्या दुखण्यात पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देतात. बरा न होणारा कॅन्सर असेल तरी फक्त वेदनेसाठी रेडिएशनचे थोडे भाग देता येतात. त्याचा आराम पडायला दोन-चार आठवडे लागतात, आधी दोन दिवस कळ वाढूही शकते.

घरी

बधिर गालाला चहा भाजतो आणि कळत नाही, म्हणून आधी मनगटावर थेंब घेऊन बघा. दाढीला वस्तऱ्याऐवजी इलेक्ट्रिक मशीन. वेदनेची गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर दोन घास जास्त जातात. ठेचा, शेवभाजीचा तिखट रस्सा बंद. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, तूप घातलेली मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, दही, घोटलेली डाळ, चालत असेल तर अंडे. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर. चूळ भरायला 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 1 छोटा चमचा मीठ आणि 1 छोटा चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा, गिळायचे नाही. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळा.

तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, आणि दर काही दिवसांनी एक वाढवायची. वेदनेची गोळी घेतल्यावर करावा, नाहीतर दुखण्याच्या भीतीने माणूस तो सोडतो आणि तोंड कायमचे आखडते.

खर्च आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा 155388 वर फोन करा. ऑपरेशन आणि रेडिएशन यांची मंजुरी वेगवेगळी लागते. पहिल्या मंजुरीच्या वेळीच दुसरीची कागदपत्रे विचारून ठेवा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून दादरला उतरले की परळचे टाटा मेमोरियल जवळ आहे. मॉर्फिन सोबत असेल तर मूळ चिठ्ठी गोळ्यांबरोबरच ठेवा.

उपचार संपल्यावर

पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी. ॲडेनॉइड सिस्टिक दहा वर्षांनीही उलटू शकतो, त्याची तपासणी बंद करायची नसते.

ऑपरेशनमध्ये नस कापली गेली असेल तर बधिरता राहणारच, आणि त्या भागात अधूनमधून चमकाही येतील. ही बधिरता एका जागी थांबलेली असते किंवा हळूहळू आक्रसते. घाबरण्यासारखे म्हणजे कड पुढे सरकणे, नवा भाग बधिर होणे, थांबलेले दुखणे पुन्हा सुरू होऊन वाढत जाणे, कानात चमक येणे. यातले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात जावे आणि नसेचा माग काढणारा कॉन्ट्रास्ट एमआरआय मागावा, जखम वरून कितीही स्वच्छ दिसत असली तरी. वस्तू दोन दिसू लागल्या, पापणी मिटेनाशी झाली, घास श्वासनलिकेत जाऊ लागला किंवा आवाज बसला, तर त्याच दिवशी.